जळक्या पान्याची चिठ्ठी

ही हकिकत सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. माझ्या साडूंइतका सावध माणूस लातूर ते नांदेड पट्ट्यात दुसरा झाला नाही, एवढंच सगळ्यांना सांगत राहिलो. पुढचं गिळत राहिलो.

साडूबुवांचं लातुरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. ते मुलाच्या हवाली केल्यावर त्यांनी एक जुना टेम्पो घेतला आणि त्यात घर बांधायला काढलं. झोपायला फळी, शेगडी, पंखा, दोन दिवे. मेव्हणीला किनवटचं जंगल दाखवायचं, एवढाच बेत. पण टेम्पोच्या आधीच्या मालकाने आत वायरींचं जंगल करून ठेवलं होतं. दुसरा कुणी असता तर त्याने ओढून फेकलं असतं. साडूबुवा एकेका वायरीचा माग काढत मुळापर्यंत जात, उरलेलं टोक कापत, टेप गुंडाळत, दुमडून बांधत आणि वर चिठ्ठी लावत : ‘जुना भोंगा. बंद.’ मी एकदा म्हणालो, “मेलेल्या वायरीचे एवढे लाड कशाला?” तर म्हणाले, “गुरुजी, मेली म्हून कोण सांगतंय? झोपली आसंल.” चिठ्ठ्यांचा नाद इतका वाढला, की घरात मिठाच्या बरणीवरही ‘मीठ. चालू.’ असं दिसू लागलं. मेव्हणी म्हणायची, “घरातला बल्ब गेलाय तीन महिने झाले, आन् हे टेम्पोत दिवाळी करून राहिलेत!”

बॅटरी बसवली तो तर सोहळाच होता. लेकराला पाळण्यात ठेवावं तशी ती लाकडी पेटीत ठेवली, पट्ट्याने आवळली, पेटीला हवेसाठी भोकं पाडली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज लावला, दोन्ही टोकांना रबरी टोप्या घातल्या आणि वर झाकण. मी नुसता बघायला गेलो, तरी माझी अंगठी काढून घेतली. “बॅटरीजवळ धातू न्हाई पायजे. तुमचं लग्न ऱ्हाऊ द्या बाहेर.”

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, टेम्पोला हार घातला, सगळे पुढे नारळ फोडायला जमले. मला वाटलं, बिचारी बॅटरीच राहिली. कुंकवाची वाटी आणि झाकण घट्ट असलं तर म्हणून ताटातला एक पाना घेऊन मी मागच्या दाराने चढलो. झाकण काढलं. कुंकू लावायचं तर कपाळ उघडं हवं, म्हणून दोन्ही टोप्याही काढल्या. हात मोकळा हवा, म्हणून पाना तिच्याच डोक्यावर आडवा ठेवला. कुंकवाला बोट लागायच्या आधीच असा लखलखाट झाला, की मी वाटीसकट दारातून उडून थेट चिखलात उतरलो. पाना उसळून फळीखाली गेला, धूर निघाला. तिकडे नारळही त्याच क्षणी फुटला. मी पुढे जाऊन सगळ्यांत मोठ्याने विचारलं, “काय झालं हो?”

साडूबुवा आत शिरले ते जळका पाना घेऊन बाहेर आले. “पाना कोन ठिवला?” सगळे एकमेकांकडे बघू लागले. मीही. त्यांनी कपाळ पुसलं. “सकाळी टोकं आवळताना मीच इसरलो आसंन. झाकण बी.”

पंधरा दिवसांत टेम्पो विकला. “आता माझ्यावर माझाच भरोसा न्हाई, गुरुजी. हिला बसवून कुठं जाऊ?” पुढे ते घराचं कुलूपही चारदा ओढून बघू लागले. मेव्हणीने किनवट काही पाहिलं नाही.

एकदा धीर करून लातूरला गेलो. माझ्या बिलोलीपासून लातूरपर्यंत सगळा रस्ता एकच वाक्य घोकलं. भिंतीवर तो पाना टांगलेला, त्याला चिठ्ठी : ‘बॅटरीवर विसरलो. मी.’ खिशातलं पेन काढलं. तेवढ्यात चहा आला, आणि साडूबुवांनी विचारलं, “साखर बराबर हाय का बघा. टाकली का न्हाई, ध्यानात न्हाई माझ्या.”

चहा बिनसाखरेचा होता. मी म्हणालो, “झकास झालाय.”

यंदा ते गेले. मेव्हणीने आठवण म्हणून पाना मलाच दिला. काल ती चिठ्ठी खोडून खाली माझं नाव लिहिलं. साडूबुवा, तुम्ही काहीच विसरला नव्हता.