मनीचं डोहाळजेवण

उभ्या लालबागात मांजराचं हित कळणारा एकच गृहस्थ होऊन गेला, आणि तो आमच्या मजल्यावर, अगदी टोकाच्या खोलीत राहत होता. परळच्या जनावरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. चाळ त्यांना कंपाउंडरच म्हणायची, आणि त्यांच्या बायकोला कंपाउंडरीण. समोर माणूस आहे की बैल, याचं भान त्यांना राहत नसे. माझ्या दिराला ताप आला तेव्हा त्यांनी आधी त्याचे कान चाचपले, मग मला विचारलं, "चारापाणी घेतोय ना?" चाळीत नवी सून आली की दात बघून तिचं वय सांगायचे, आणि ते कधी चुकत नसत. त्यामुळे बायका त्यांच्यासमोर तोंड मिटून हसायच्या.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. चळवळीतले लोक सह्या घ्यायला दारोदार फिरत, आणि त्यांच्या मागोमाग कंपाउंडर आपली वेगळी वही घेऊन. "सही झाली? आता मांजराचं नाव सांगा." ऑपरेशन केलं की मांजरी बाळंतपणांनी खंगत नाही, बोके मारामाऱ्या करत नाहीत, दोघंही घर धरून राहतात, आयुष्य वाढतं, आणि उंदीर पकडायचे तेवढे पकडतातच, हे त्यांचं अख्ख्या चाळीला पाठ झालं होतं. एकदा पटांगणातल्या सभेत वक्त्याने विचारलं, कुणाला काही शंका? कंपाउंडर उठले आणि म्हणाले, "मुंबई मिळाल्यावर इथल्या बोक्यांचं काय करणार, ते आत्ताच ठरवा." वक्ता बिचारा पाणीच प्यायला. सगळ्यात मोठ्याने मी हसले. माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं.

आमची मनी दोन वर्षांत चारदा व्याली. पिलं जरा मोठी झाली की आमचे हे ती पिशवीत घालून मासळीबाजारात सोडून यायचे. त्या दिवशी मी मुद्दाम दळण घेऊन बाहेर पडायची, म्हणजे बघायला नको. चौथ्या खेपेनंतर कंपाउंडर दारात आले. "वैनी, हिची हाडं हाताला लागतात. पाचवं बाळंतपण सोसायचं नाही तिला. परवा सकाळी मी स्वतः दवाखान्यात नेतो, डॉक्टरांना सांगून ठेवलंय." मी हो म्हटलं. सासूबाई मात्र कडाडल्या, "मुक्या जनावराची कूस कापतंस? पाप लागतला." झालं, माझं अवसान गळालं. कंपाउंडर टोपलीत स्वतःचं जुनं धोतर अंथरून आले तेव्हा मनीला मी कपाटात कोंडलं होतं. "कालपासून घरीच नाही हो," मी म्हटलं. ते तासभर जिन्याखाली, नळापाशी, गच्चीवर 'मनी, मनी' करत फिरले आणि कामावर उशिरा गेले.

मनी पुन्हा गाभण राहिली आणि मला दुर्बुद्धी सुचली. कंपाउंडरांची फिरकी घ्यायला मनीचं डोहाळजेवण करायचं. आम्ही बायकांनी तिला पाटावर बसवलं, शेवंतीची वेणी घातली, बोंबील भाजले. आणि कंपाउंडरीण आली. वीस वर्षं संसार होऊन तिला मूल नव्हतं, म्हणून चाळीत कुणाची ओटी भरायची असली की तिला वगळायचे. वगळणाऱ्यांत मीही होते. मांजराचं आहे म्हणून तिलाही कुणीतरी बोलावलं असावं. ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, ताटात नारळ, तांदूळ आणि नवा खण घेऊन आली होती. बायकांनी पदर तोंडात कोंबले. तिने मला हळूच विचारलं, "माझ्या हातची ओटी चालेल ना, वैनी?" मी हसू दाबत म्हटलं, "चालेल की." तिने कुणाकडेही न बघता मनीला हळदकुंकू लावलं आणि ओटी भरली.

दिवस भरले आणि मनी अडली. दीड दिवस कळा देत होती. कंपाउंडर मोर्चाला निघालेले, ते तसेच आत आले आणि तिला टोपलीत घालून परळला धावले. दुपारी रिकामी टोपली घेऊन परतले. "अंगात रक्तच उरलं नव्हतं, वैनी," एवढंच म्हणाले. मला बोल लावला नाही. लावणार कसा, कपाटाचं त्यांना ठाऊक कुठे होतं!

संध्याकाळी नळावर कुजबुज सुरू झाली. वांझेच्या हातची ओटी, दुसरं काय होणार? मी तिथेच घागर लावून उभी होते. मनी कशाने गेली ते मला ठाऊक होतं, आणि एक वाक्य पुरलं असतं. माझी घागर भरली आणि मी वर आले. आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

पुढे भीतीने का होईना, मजल्यावरच्या एकेका मांजराचं ऑपरेशन झालं. आमची दुसरी मांजरी मी स्वतः टोपलीत ठेवली, आणि ती चांगली चौदा वर्षं जगली. कंपाउंडर शेवटी जिंकले. कंपाउंडरीण मात्र पुन्हा कुणाच्या कार्याला आली नाही. वर्षभराने त्यांना वरळीला खोली मिळाली, तेव्हा दोघं निरोप घ्यायला आली. कंपाउंडर आमच्या मांजरीच्या हिरड्या तपासत बसले. कंपाउंडरीण माझा हात धरून म्हणाली, "वैनी, मनीचं मनात धरू नका. माझ्या हाताचाच गुण तो. पण तुम्ही एकट्या मला चालेल म्हणालात, ते मी विसरायची नाही."

सगळं अगदी ओठावर आलं होतं. मी तिला कुंकू लावलं आणि जिन्यापर्यंत सोडायला गेले.