निरोप्याला आधी पाणी

सोमवारी सव्वातीन वाजता मावशी तीन जिने चढून माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "तुझे बाबा गेले. आज सकाळी, घरीच."

मी त्यांना पाणी विचारलं नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण मावशींना ओळखणारं कुणीही मला पहिल्यांदा तेच विचारेल. बॉनमधल्या त्यांच्या घरात पाऊल टाकलं की त्यांचं ठरलेलं, जर्मन 'तर मग'नं सुरू होणारं वाक्य यायचं, "आल्झो, आधी पाणी." तुम्ही पास झालेले असा, नापास झालेले असा, की नुसते छत्री विसरलेले असा, ग्लास रिकामा झाल्याशिवाय तोंड उघडायची परवानगी नसे.

त्या कुणाच्याही सख्ख्या मावशी नव्हत्या. तरुणपणी मिरजेहून आल्या, लग्न केलं, ते टिकलं नाही, आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं जागेवर लावण्याचं काम त्यांनी तीस वर्षं केलं. त्यांच्या वाट्याला ग्रीक नाटकांची कपाटं आली होती. "रोज हाताळायची आणि आत काय आहे ते माहीत नाही, हे बरं दिसतं का?" असं म्हणून त्या दुपारच्या सुट्टीत ग्रीकच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसू लागल्या. निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती नाटकं मराठीत उतरवून काढली होती, लांब वह्यांमध्ये, निळ्या शाईत. छापायला मात्र कधी दिली नाहीत. दर रविवारी दुपारी आम्ही चार-पाच मराठी माणसं जमून ती मोठ्यानं वाचायचो.

लुडविग्सहाफेनहून एक केमिस्ट यायचा. आवाज घोगरा, म्हणून सगळे राजे त्याच्याकडे. उरलेल्यांचा कोरस. कोरस म्हणजे काय, असं मी पहिल्या रविवारी विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "बिल्डिंगमधले शेजारी रे. सगळं दिसतं, सगळ्याचं वाईट वाटतं, जागचा मात्र कुणी हलत नाही."

"म्हणजे आम्हीच," केमिस्ट म्हणाला.

"गेनाऊ, अगदी बरोबर. वाचा आता."

त्या स्वतः नेहमी निरोप्याचं काम घ्यायच्या. या नाटकांत मरण सहसा डोळ्यांसमोर घडत नाही. ते राजवाड्याच्या आत घडतं, नाहीतर दूर कुठेतरी. मग कुणीतरी धापा टाकत येतो आणि काय झालं ते सांगतो. राजाची आज्ञा मोडून भावाच्या प्रेतावर माती टाकणारी बहीण काय, किंवा नकळत बापाला मारून बसलेला राजा काय, त्यांच्यासाठी आम्ही हळहळायचो. मावशींचा जीव तुटायचा तो निरोप्यासाठी.

"एवढी नाटकं वाचली मी," त्या म्हणायच्या. "एकानं, एकानंही त्याला पाणी विचारलेलं नाही. धावत आलाय बिचारा. ह्यांचं आपलं सुरू, 'बोल, बोल!'"

"मावशी, तो निघून गेला असता तर? काही सांगितलंच नसतं तर?" मी एकदा चेष्टेनं म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. "मग राजा जेवायला बसला असता," म्हणाल्या, आणि वहीचं पान उलटलं.

त्यांच्या पुस्तकांच्या फळीवर एक फोटो होता. कार्निव्हलच्या मिरवणुकीत तरुण मावशी, नाकावर लाल चेंडू, डोक्यावर कागदी टोपी, आणि तोंडभर हसू. आम्ही त्यावरून त्यांना किती चिडवलं असेल! "मावशी, हा राजा कुठल्या नाटकातला?" त्या चिडायच्या नाहीत, आणि फोटो हलवायच्याही नाहीत. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही चिडवलं असतंत. फोटोच तसा होता.

तर तो सोमवार. त्या गुरुवारी माझ्या पीएचडीचा डिफेन्स होता. अडीअडचणीसाठी म्हणून मावशींचा नंबर मी घरी देऊन ठेवला होता. बाबा गेल्यावर भावोजींनी मला फोन न करता त्यांना केला. "मावशी, गुरुवारपर्यंत त्याला काही कळू देऊ नका. जमलं तर फोनपासूनही लांब ठेवा, कुणीतरी ग्रुपवर टाकायचं. पाच वर्षांची मेहनत आहे हो पोराची." घरात सगळ्यांचं तेच मत पडलं होतं. आपल्याकडे ही रीतच आहे. परदेशातल्या माणसाची परीक्षा आधी होऊ द्यायची, मग सांगायचं. प्रेमानंच करतात.

तासाभरात मावशी माझ्या दारात होत्या. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. कठडा धरून, श्वास न घेताच त्यांनी सांगितलं.

मी म्हणालो, "चार दिवस थांबता आलं नसतं का तुम्हाला?"

"आलं असतं," त्या म्हणाल्या. "त्या चार दिवसांत तू हसला असतास."

मला ते वाक्य क्रूर वाटलं. मी दार लावून घेतलं. त्या जिना उतरत होत्या, आणि प्रत्येक वळणावर थांबत होत्या, ते दारामागून ऐकू येत होतं.

मी निघालो. अग्नी चुलतभावानं दिला होता. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायला मात्र मी होतो. "आलास," आई म्हणाली, आणि माझी बाही धरून बसून राहिली. भावोजी धुसफुसत होते, "बाईंना बजावून सांगितलं होतं मी." मी त्यांना अडवलं नाही.

डिफेन्स दोन महिन्यांनी झाला. मला ड्युसेलडॉर्फला नोकरी लागली. बॉन तिथून तासाभरावर. तरी मी रविवारी जाईनासा झालो. गाड्या वेळेवर नसतात, असं सांगायचो. मावशींचा मेसेज यायचा, "कोरसला माणूस कमी आहे." मी हात जोडल्याचं चित्र पाठवायचो. आईला मी वेळेवर भेटलो ते कुणामुळे, हे मला कळत होतं. तरीही बातमी आणणाऱ्यावरचा राग जायला दोन वर्षं पुरली नाहीत.

मग एका शुक्रवारी केमिस्टचा फोन आला. मावशी सोमवारी गेल्या होत्या, झोपेत.

"सोमवारी? आणि तू आज सांगतोयस?"

"अरे, तुमच्या टीमची ट्रिप होती ना. म्हटलं, परत येऊ दे. तसंही अंत्यविधीला इथे आठवडा लागतोच. उगाच कशाला..."

मंगळवारी आम्ही ऱ्हाईनवरच्या बोटीत होतो. बुधवारी संध्याकाळी साहेबांची नक्कल करून मी सगळ्या टेबलाला हसवलं होतं, आणि स्वतः डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो होतो. तेव्हा मावशींना जाऊन दोन दिवस झाले होते.

अंत्यविधी झाल्यावर आम्ही त्यांचं घर आवरलं. फळीवरचा फोटो मी उतरवला. फ्रेम सैल होती, फोटो निसटून हातात आला. मागे निळ्या शाईत, त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "हा फोटो काढला तेव्हा आई जाऊन सहावा दिवस. मला एकविसाव्या दिवशी कळवलं."

केमिस्टनं ते वाचलं. "आपण किती चिडवलं यार त्यांना," तो म्हणाला, आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला.

आता रविवारी आम्ही तिघं जमतो. वह्या सात आहेत. निरोप्याची पानं मी वाचतो. सुरू करण्याआधी केमिस्ट माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवतो.