चौदा जर्सींची पिशवी

फुटबॉल हा पायांनी खेळायचा खेळ आहे, असं जगात सगळीकडे मानलं जातं. माझ्या बायकोच्या थोरल्या मामांच्या मते तो मुळात धुण्याचा खेळ आहे. पाय, चेंडू, गोल या सगळ्या नंतरच्या गोष्टी. आधी जर्सी कुणाच्या घरी धुतली, कशानं धुतली आणि ती नीट वाळली का, यावर सामना ठरतो. हे ते विनोदानं म्हणत नाहीत. परळच्या दोन चाळींनी मिळून काढलेल्या एका क्लबचे ते आधी खेळाडू होते, मग सेक्रेटरी झाले आणि गेल्या वर्षापर्यंत, बाकी कुणी उरलं नाही म्हणून, सगळं काही तेच होते. मी त्या क्लबचा जावई आहे. बायकोचा नवरा म्हणून सासरी मला कितपत मान आहे हे अजून नीटसं कळलेलं नाही, पण क्लबमध्ये माझ्यावाचून पान हलत नसे. खरं सांगायचं तर मी दमलो होतो.

क्लबची एक रीत होती. रविवारचा सामना झाला की चौदा मळक्या जर्सी एका खाकी पिशवीत भरायच्या आणि पिशवी ज्याची पाळी असेल त्याच्या घरी जायची. आठवड्याला एक घर, दोन्ही चाळींतली सगळी घरं ओळीनं, एकही खोली न वगळता. क्लब काढणारे गृहस्थ गिरणीत साचेखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. ज्याच्या घरी जर्सी धुतली जाणार नाही तो खेळणार नाही, हा नियम त्यांचा. एक चाळ कोकणातून आलेल्या हिंदूंची, दुसरी बौद्धांची, मध्ये हातभर गल्ली. पोरं एकत्र खेळत, त्याला कुणाची फारशी हरकत नव्हती. सगळ्यांचे घामाचे कपडे एका बादलीत भिजवायचे म्हटल्यावर मात्र कुरकुर झाली. जॉबरांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि नियम होता तसाच ठेवला. पुढे गिरणी बंद पडली, चाळी पाडल्या, माणसं पांगली. कुणी बँकेत लागलं, कुणी महापालिकेत, कुणाची मुलं कॉम्प्युटरमध्ये गेली. नियम उरला, आणि तो पाळायला मामा उरले.

म्हणजे दर सोमवारी हा सत्तरी ओलांडलेला माणूस खांद्याला पिशवी लावून बसनं निघायचा. एका आठवड्यात लालबाग, दुसऱ्यात शीव, तिसऱ्यात प्रभादेवीला आमच्याकडे. जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये एकतिसाव्या मजल्यावर क्लबच्या बचावफळीतल्या एका जुन्या खेळाडूचं घर आहे. तिथल्या वॉचमननं मामांना खाली अडवलं आणि कुठली डिलिव्हरी म्हणून विचारलं. मामांनी त्याला क्लबची स्थापना सांगायला सुरुवात केली. वॉचमननं पंधरा मिनिटं ऐकलं आणि वहीत लिहिलं, ‘लाँड्री’. खिडकीबाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत असा त्या सोसायटीचा नियम आहे. मामांनी सोसायटीच्या चेअरमनना सहा पानी पत्र लिहिलं. ते टाइप मीच केलं. उत्तर आलं नाही, म्हणून जर्सी हॉलमध्ये पंख्याखाली वाळल्या आणि त्या रविवारी आम्ही तीन गोलांनी हरलो. मामांना त्यात काहीही आश्चर्य वाटलं नाही.

मी या भानगडीत पडलो तो दिवाळसणाला. नवीन जावई म्हणून मी जरा ऐटीत बसलो होतो. ओवाळणं झालं, फराळ झाला, आणि आता काहीतरी हातात पडणार अशा वेळी मामा आत गेले आणि ती खाकी पिशवी घेऊन बाहेर आले. “जावईबापू,” ते म्हणाले, “या आठवड्याची पाळी तुमची.” मला वाटलं थट्टा चालली आहे. घरातलं कुणीही हसलं नाही. त्या आठवड्यात मी जन्मात पहिल्यांदा चौदा माणसांचा चिखल धुतला.

बाहेरच्यांना क्लबची ओळख करून देताना मामा ‘अर्धव्यावसायिक’ हा शब्द फार अभिमानानं वापरतात. मी एकदा त्याचा अर्थ विचारला. खेळाडूंना थोडंफार मानधन मिळतं, ते बाहेरूनही येतात, म्हणून सामना चालू असेपर्यंत ते व्यावसायिक. शिट्टी वाजली की ते घरचे, मग त्यांना उकडलेली अंडी आणि केळी द्यायची आणि कुणाचं कुठं लग्न जमतंय का ते बघायचं. पंचावन्न वर्षांत बाकी काही झालं नसेल, पण क्लबनं सात लग्नं जमवली. कप दोनच जिंकले.

क्लबचा इतिहास मामांना मुखोद्गत आहे, पण तो धोब्याच्या अंगानं. अमुक फायनल कशी हरलो असं विचारा. त्यात प्रतिस्पर्ध्यांचा काही संबंध नसतो. त्या आठवड्यात एका वहिनींनी हौसेनं जर्सींना कडक खळ केली होती, त्यामुळे आमच्या पोरांना थ्रो-इनला हात वर करता येईनात. दुसऱ्या एका घरी नीळ घालताना हात सुटला. पांढऱ्या जर्सी आकाशी होऊन आल्या, आणि समोरचा संघ नेमका आकाशी. रेफरीनं खेळवायला नकार दिला. शेवटी आमचे अकरा जण बनियनवर खेळले, पाठीवर कोळशानं नंबर काढून. दुसऱ्या हाफमध्ये घामानं नंबर पुसले गेले आणि पिवळं कार्ड भलत्यालाच मिळालं. हे सगळं मामा इतक्या गांभीर्यानं सांगतात की ऐकणारा पुढच्या वेळी स्वतःचा शर्ट जरा काळजीनं धुतो.

हा इतिहास लिहून काढायचं त्यांनी अकरा वर्षांपूर्वी मनावर घेतलं. ते सांगणार आणि मी टाइप करणार. पहिला सीझन झाला, दुसरा झाला, मग एकदम चौथा सुरू झाला. तिसऱ्याचं काय, असं विचारलं की मामा चहा मागवत. कधी म्हणत, कागद सापडत नाहीत. कधी म्हणत, नंतर बघू. अकरा वर्षांत आम्ही अडतिसाव्या सीझनपर्यंत पोचलो आणि तिसरा तसाच कोरा राहिला. मीही नाद सोडून दिला. एक सीझन कमी टाइप करायचा, त्यात माझं काही जात नव्हतं.

गेल्या वर्षी एका फुटबॉल अकादमीनं क्लब ताब्यात घ्यायची तयारी दाखवली. त्यांच्याकडे मैदान आहे, कोच आहे, गुडघा दुखावला तर बघणारा डॉक्टर आहे. क्लबचं नाव त्यांच्या नावाखाली लहान अक्षरात राहणार आणि कपडे धुवायला कंत्राटदार. मला वाटलं मामा आकाशपाताळ एक करतील. त्यांनी मुकाट्यानं सही केली. पोरांना मैदान मिळतंय, मी आडवा कशाला येऊ, एवढंच म्हणाले. मला उगाचच अपराध्यासारखं झालं, कारण पिशवीतून आपली सुटका झाली म्हणून मी मनात खूश होतो. हस्तांतराचा छोटा समारंभ एका शाळेच्या हॉलमध्ये ठरला. जुने सभासद येणार होते. अकादमीच्या ऑफिसातल्या एका मुलानं मामांना क्लबचा दोन पानी इतिहास वाचायला सांगितलं, आणि काका, जरा पॉझिटिव्ह ठेवा, असंही सुचवलं.

समारंभाच्या चार दिवस आधी मामा आमच्याकडे आले. चहा नको म्हणाले, तेव्हाच मी चपापलो. “जावईबापू, तिसरा सीझन लिहून घ्या.”

मग त्यांनी सांगितलं. तिसऱ्या सीझनला त्यांच्या घरची पाळी आली. आईनं पिशवी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. कुणाकुणाच्या अंगावरचे कपडे, मी हात लावणार नाही, म्हणाली. कुणाकुणाच्या म्हणजे कुणाच्या, ते मामांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मामा तेव्हा अठरा वर्षांचे होते. चाळीच्या टोकाला नळ होता, त्यांना स्वतः धुता आल्या असत्या. पण सगळ्या गॅलरीनं पाहिलं असतं आणि आईशी वाकडं आलं असतं. पिशवी आठवडाभर जिन्याखाली पडून राहिली. रविवारी त्यांनी ती तशीच परत नेली आणि नळाला पाणी नव्हतं म्हणून सांगितलं. संघ त्याच मळक्या जर्सी घालून उतरला. गोलकीपर समोरच्या चाळीतला, मामांचा जिवलग मित्र. त्याच्या जर्सीवर आधीच्या सामन्यातला चिखल वाळून कडक झाला होता. त्यानं तो नखानं खरवडला, जर्सी अंगात घातली आणि गोलमध्ये जाऊन उभा राहिला.

“आईनं पुढच्या पाळीला धुतल्या,” मामा म्हणाले. “बोलली काहीच नाही, पण धुतल्या. मी मात्र त्याला खरं सांगितलं नाही.”

हे वगळा, असं मी त्यांना चांगलं समजावलं. दोन पानांत कोण हे शोधणार होतं? आणि गोलकीपर समारंभाला येणार होते, विमा कंपनीतून निवृत्त होऊन आता शीवला राहतात. पन्नास वर्षांची मैत्री या वयात पणाला कशाला लावायची? मामांनी सगळं ऐकून घेतलं. “मग वाचू काय?” ते म्हणाले. “कप? ते तर दोनच आहेत.”

रविवारी सकाळी हॉलमध्ये तीसेक म्हातारी माणसं आणि अकादमीची चारसहा तरुण मंडळी होती. मामांनी स्थापना वाचली, जॉबरांचा नियम वाचला, आणि मग तिसरा सीझन, काही न गाळता. अकादमीचा मुलगा मोबाइलमध्ये बघत राहिला. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो आणि मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला तेव्हा वळून पाहिलं. गोलकीपर काठी टेकत उठले होते.

“सांगितलंस ते बरं केलंस,” ते म्हणाले. “पण दोन्ही चाळींना पाणी एकाच टाकीतनं यायचं रे. आमच्या नळाला आठवडाभर होतं.”

मामा हातातला कागद धरून उभे राहिले. “म्हणजे तुला तेव्हापासून ठाऊक होतं?”

“सगळ्या चाळीला ठाऊक होतं.”

“मग बोलला का नाहीस कधी?”

“बोललो असतो तर तू तोंड लपवून बसला असतास, खेळायला आला नसतास,” गोलकीपर म्हणाले. “आणि लेफ्ट विंगला आपल्याकडे दुसरा होता कोण?”

म्हातारे हसले. मामांना हसता आलं नाही. दुसरं पान वाचायचंच राहिलं. ते खाली उतरले, गोलकीपरांनी शेजारच्या खुर्चीवरची आपली टोपी उचलली आणि मामा तिथे बसले. पुढची भाषणं संपेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले.

आता जर्सी कुठल्याशा मोठ्या मशिनमध्ये धुतल्या जातात आणि संघ बरा खेळतो, असं ऐकतो. सोमवारी मामा अजून बस पकडतात, शीवची. हातात काही नसतं. गोलकीपरांच्या घरी जातात, दोघं चहा घेतात, असं गोलकीपरांच्या पत्नी सांगतात. मित्राच्या घरी पिशवीवाचून नुसतं जाऊन बसायला मामांना पन्नास वर्षं लागली, आणि हे आठवलं की मला फार वाईट वाटतं.