भुसावळच्या प्रवाळाचा फोटो

पडदा वर जातो. रंगमंचावर एकच खिडकी आणि खिडकीशी एकच माणूस. जळगावची नवी पेठ, १९८८ सालचा एप्रिल, सकाळचे ऊन. माणसाच्या पुढ्यात उतरत्या पाटाचे लाकडी खोके, त्यात बसवलेली काच, काचेखाली आरसा. आरशातून वर आलेल्या उजेडात एक निगेटिव्ह. हातात पेन्सिल, तिचे टोक पॉलिश पेपरवर घासून सुईसारखे केलेले. माणूस श्वास रोखतो, टोक टेकवतो, उचलतो आणि मग श्वास सोडतो. विंगेतून कुणी कितीही हाका मारल्या तरी तो वळून पाहत नाही.

हे अभिमन नाना. रंगछाया फोटो स्टुडिओचे रिटचिंगवाले. फोटो काढायचा त्यांचा भाचा लोटन. नाना कॅमेऱ्याला हात लावत नसत आणि ग्राहकाचे तोंडही क्वचित पाहत. त्यांच्यापुढे माणूस यायचा तो निगेटिव्ह होऊनच.

आमच्या नाटक मंडळीच्या बोर्डावरचे सगळे फोटो नानांच्या हातून जात. आमच्या राजाच्या गालांवर देवीचे व्रण होते. नानांनी ते पेन्सिलीने असे भरले होते की पहिला अंक संपला तरी प्रेक्षक विचारत, "बोर्डावरला राजा कधी येणार?" मी त्या मंडळीत दूत म्हणून लागलो आणि प्रधान म्हणून बाहेर पडलो. मंडळी मोडली, सकाळी उठून जायला ठिकाण उरले नाही, तेव्हा नानांनी एक स्टूल माझ्यासाठी ठेवले. त्या स्टुलावरून मी जे पाहिले ते सांगतो आहे.

नानांचे नाव झाले ते मात्र वेगळ्या कामामुळे. असोदा, यावल, चोपडा या भागातल्या कितीतरी घरांत म्हातारी माणसे उभ्या जन्मात कॅमेऱ्यासमोर येत नसत. माणूस गेला की मग धावपळ. तिरडी बांधण्याआधी फोटोवाल्याला बोलावायचे, मयताला भिंतीशी टेकवून बसवायचे, डोक्यावर टोपी चढवायची आणि एक फोटो काढून घ्यायचा. तो फोटो नानांकडे येई. नाना घरच्यांना विचारत, "आबांची नजर कशी होती? कडक की हसरी?" आणि मिटलेल्या पापण्यांवर बारीक ब्रशने उघडे डोळे काढत. प्रत्येक बुबुळात पांढरा ठिपका ठेवत. त्या ठिपक्याने नजर जिवंत होई. वर्षश्राद्धाला हार घालताना घरच्या बाया पदर तोंडाला लावत आणि म्हणत, "आबा पाहताहेत."

अशा माणसाकडे भुसावळचा धनसिंग आला. रेल्वेच्या टपाल डब्यात पत्रे गावांप्रमाणे लावत मुंबईला जायचे आणि परत यायचे ही त्याची नोकरी. मुंबईच्या किनाऱ्यावर ओहोटीला खडकांवर जिवंत प्रवाळ दिसते, ते त्याने तिथल्या एका कोळ्याकडून नारळाएवढे मागून आणले होते. घरी काचेच्या पेटीत ठेवले होते, हवेचा पंप लावला होता आणि दर फेरीला कॅनमधून समुद्राचे पाणी आणून त्याने ते दोन वर्षे जगवले होते. कुणी विश्वास ठेवत नसे. पेटीत शोभेला मेलेले प्रवाळ ठेवतात तसेच हे, असे रेल्वे कॉलनीत सगळे म्हणत.

धुळ्याच्या एका कॉलेजात एप्रिलअखेर विज्ञान प्रदर्शन होते. तिथल्या प्राणिशास्त्राच्या गिरासे सरांना धनसिंग भेटला. सर म्हणाले, "मिटलेलं प्रवाळ आणि दगड यांत फोटोत फरक दिसत नाही. उघडलेल्याचा फोटो आणा. प्रदर्शनात लावतो आणि मीही पाहायला येतो."

"पण आता उन्हाळा चढतोय, नाना," धनसिंग सांगू लागला. "पेटीतलं पाणी तापतं. ओली फडकी गुंडाळतो, तरी एका कडेनं पांढरं पडायला लागलंय. मे महिना काढेल असं वाटत नाही. ते मेलं तर दोन वर्षं मी दगडाला पाणी घातलं, एवढंच लोक म्हणतील."

लोटन दुसऱ्या दिवशी दोन मोठे दिवे घेऊन भुसावळला गेला आणि संध्याकाळी तोंड पाडून परत आला. "दिवे लावले की मिटतं. टेबलाला धक्का लागला की मिटतं. सगळ्या फोटोंत गोळा."

"मिटेलच शे ना?" नाना म्हणाले. "मिटलेलं उघडायचं तेच तर माझं काम. मग अडलं कुठं?"

त्यांनी मोठी प्रिंट मागवली आणि दोन दिवस बसून ब्रशने प्रवाळ उघडले. प्रवाळाच्या प्रत्येक बारीक गाठीवर नीट, गोल, काळसर मध्य आणि त्यात पांढरा ठिपका. काम इतके सुबक झाले होते की मी उठून टाळी वाजवली.

धनसिंगने फोटो उजेडाकडे धरला, मग हातभर लांब धरला.

"का? पसंत नाही?"

"नाना, हे माझ्याकडे पाहतंय."

"मग? जिवंत आहे म्हणालास ना?"

"जिवंत आहे. पण याला डोळे नाहीत. ही तोंडं आहेत. भोवती बारीक बोटं असतात, हलणारी."

लोटन हसला. नानांनी त्याच्याकडे पाहिले, तसा तो खोकू लागला.

"आख्खा जळगावना मेल मानसेस्ना डोया मी उघाड्यात," नाना धनसिंगला म्हणाले. "एकानंही तक्रार केली नाही."

"ते कशी करतील, नाना?" मी म्हणालो.

नाना माझ्याशी त्या दिवशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र स्टुडिओत येऊन त्यांनी कोट काढलाच नाही. लोटनला म्हणाले, "कॅमेरा घे. माणसाची नजर घरच्यांना विचारता येते. याचे घरचे कुठं शोधू? मीच पाहून येतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चला प्रधानजी. तुम्हाला न हलता उभं राहता येतं."

धनसिंगचे क्वार्टर रुळांना लागून होते. मालगाडी गेली की कपाटातली भांडी वाजत. धनसिंगची बायको भिकुबाई शिंदखेड्याकडची. तिने आम्हाला पाणी दिले आणि पेटीकडे बोट दाखवले. "देखा भाऊ. आमले प्यावाले पानी नही, आन् ह्या दगडले मुंबईनं पानी!" पण पेटीवरचे फडके वाळले आहे हे पाहून तिनेच ते उचलून पुन्हा भिजवून टाकले.

दिवे आणलेच नव्हते. खोलीत ऊन येत होते, पण पेटीपर्यंत पोहोचत नव्हते. भिकुबाईचा भिंतीवरचा आरसा मी खिडकीशी धरला आणि उन्हाचा तुकडा पेटीवर टाकला. पेटीच्या काचेत लोटनचे प्रतिबिंब दिसू लागले. तेव्हा धनसिंगची काळी छत्री उघडून, तिला भोक पाडून, त्यातून कॅमेऱ्याचे भिंग बाहेर काढले आणि लोटनला छत्रीआड बसवले. छत्री गेली म्हणून भिकुबाई जे काही बोलली ते लिहिण्यासारखे नाही.

मग नाना पेटीसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. आम्ही सगळे पुतळे. गंमत अशी की मालगाडी धडधडत गेली तरी प्रवाळाला काही वाटत नव्हते. तिची त्याला दोन वर्षांची सवय होती. लोटनने पाय बदलला की मात्र ते आक्रसून घेई. गाडी नसेल आणि माणूसही हलला नसेल अशी वेळ हवी होती, कारण गाडीने प्रवाळ हलत नसले तरी कॅमेरा हलत होता. भुसावळात गाड्यांना खंड कुठला!

माझा हात बधिर झाला होता, तेव्हा ते उघडायला लागले. आधी एक तोंड, मग त्याच्या शेजारचे. मातकट हिरव्या रंगाचे, तिळाच्या फुलाहून लहान, आणि भोवती खरोखरच बोटे, पाण्याबरोबर डुलणारी. एका कडेचा पांढरा पट्टा तेवढा मिटलेला राहिला. नाना पुढे झुकले नाहीत, बोलले नाहीत. नुसता तळहात वर केला आणि लोटनने बटण दाबले. तेवढ्या आवाजाने सगळे पुन्हा मिटले.

त्या दिवशी ते पुन्हा उघडले नाही. एकच फोटो. आणि आनंदाच्या भरात लोटनने रोल घाईघाईने गुंडाळला, त्यामुळे निगेटिव्हवर वरपासून खालपर्यंत एक रेघ उठली.

जळगावला नानांनी ते निगेटिव्ह खोक्यावर ठेवले. तोंडे स्पष्ट आली होती, बोटेसुद्धा मोजता आली असती. मधून ती रेघ. नानांनी पेन्सिल घासून टोक केले.

"नाना," धनसिंग म्हणाला, "काही करू नका."

"रेघ आहे रे."

"असू द्या."

"दोन मिनिटांचं काम आहे. कुणाला कळणार नाही."

"म्हणूनच नको."

नानांनी मान वर केली. "ही रेघ अशी बाहेर गेली तर बठ्ठा जळगाव म्हणेल, अभिमनला दिसेनासं झालं." थोडा वेळ ते पेन्सिल बोटांत फिरवत राहिले. मग तिला टोपण घातले आणि लोटनला म्हणाले, "छाप तशीच." त्या दुपारी ते डबा न उघडता घरी गेले.

धुळ्याला आम्ही चौघेही गेलो. गिरासे सरांनी प्रिंट उन्हात धरली. चेहरा खुलला, मग त्यांनी पाठीमागचा स्टुडिओचा शिक्का वाचला आणि चेहरा मिटला.

"रंगछाया? अभिमन नानांचा?"

"मीच," नाना म्हणाले.

"आमच्या आजोबांचे डोळे तुम्हीच काढलेत. घरात आहे तो फोटो." सर अवघडले, पण बोलले. "नाना, तुमच्या हाताबद्दल मला आदर आहे. म्हणूनच हा फोटो मी कसा लावू? तुम्ही काहीही उघडू शकता."

धनसिंगने खुर्चीची पाठ घट्ट धरली. नाना रागावतील असे मला वाटले. त्यांनी खिशातून पाकीट काढले, निगेटिव्हच्या कडा दोन बोटांत धरल्या आणि ते सरांपुढे केले. "तिरपं धरून पाहा. पेन्सिल लागली असेल तिथं चकाकेल."

सरांनी खिडकीशी जाऊन ते तिरपे केले, उलटे केले, भिंग लावून पाहिले. बराच वेळ गेला. मग त्यांचे बोट थांबले.

"ही रेघ?"

"रोल गुंडाळताना पडली."

"आणि तुम्ही ती तशीच ठेवलीत? तुम्ही?"

नानांनी मानेनेच धनसिंगकडे दाखवले. सरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा धनसिंगकडे. निगेटिव्ह पाकिटात घालून परत दिले आणि म्हणाले, "रविवारी मी भुसावळला येतो. तोवर त्याला सांभाळा, धनसिंगभाऊ." धनसिंग सरांच्या टेबलावरचे पाणी घटाघटा प्यायला.

प्रदर्शनात फोटोखाली लावायच्या चिठ्ठीसाठी सरांनी पेनाचे टोपण काढले. आधी लिहिले, भुसावळ. मग धनसिंगचे पूर्ण नाव. मग विचारले, "आणि छायाचित्र? नाना, तुमचं आडनाव काय लावता?"

आयुष्यभर नानांचे नाव कुठल्याच फोटोखाली आले नव्हते. लोटन माझ्यामागे उभा होता, त्याने मान खाली घातली.

"माझं नको," नाना म्हणाले. "लोटनचं लिहा, सर. रेघ त्याची आहे."