कूलरची खरखर

कानावर पेचकस अडकवलेले वरच्या मजल्यावरचे काका रोज सकाळी हॅम रेडिओवर आसामला गेलेल्या मित्राशी बोलतात. मित्राचा आवाज आधीच क्षीण, त्यात माझ्या कूलरच्या रेग्युलेटरची खरखर त्यांच्या रेडिओत घुसायची. काकांनी तक्रार केली नाही. दुसऱ्या अँटेनाने खरखर पकडून ती मूळ आवाजातून वजा करणारा डबा त्यांनी बनवला. डबा जुळवायच्या दिवशी, नागपूरच्या मे महिन्यात, त्यांना अडथळा नको म्हणून मी कूलर बंद करून बसले. काका धावतच खाली आले.

"बंद काहून केला वं ताई? खरखरच नाही, तं मिटवू काय? अन् रोज घामात बसशील का?"

कूलर लावून मी त्यांच्यामागे वर गेले. त्यांनी बटण केसभर फिरवलं. खरखर विरली.

"ऐकू येऊन राहिलं का गा?" मित्र विचारत होता.

"तुह्या मागं कोंबडा आरवून राहिला, तोही!"