आईने कापलेला दोरा

सोळावा वाढदिवस मी सुरतेच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये साजरा केला, आणि त्या बागेचं नाव कुणी काढलं तरी माझे कान आजही तापतात. गुलाब छान होते, छोटी रेल्वे होती, गर्दी होती. वाईट होते ती मी.

गाव सोडून आलेले आम्ही लिंबायतच्या मराठी कामगार वस्तीत राहायचो. वडील कापडाच्या लूमवर कामाला, आई घरी धागाकटिंग करायची. भरतकामाच्या मशीनवरून साड्या उतरल्या की त्यांच्या उलट्या बाजूला सुटे दोरे लोंबत असतात. साड्यांचे गठ्ठे घरी येत आणि आई बसून एकेक दोरा कापत असे. बोटभर कातर तिच्या कमरेला सुतळीने कायम बांधलेली असायची, झोपतानाही. शाळेतल्या तीन गुजराती मैत्रिणींना मात्र मी सांगितलं होतं की आमचं साड्यांचं काम आहे. त्यांनी त्याचा अर्थ दुकान असा घेतला, आणि मी तो घेऊ दिला. मग शेखी मिरवायची सवयच लागली. नव्या साड्यांच्या डिझाइनबद्दल मी अशी बोलायचे, की जणू गल्ल्यावर मीच बसते.

वाढदिवसाला बागेत जायचं ठरलं. आईने पहाटे उठून शेवभाजी आणि पुऱ्या केल्या, चौघींना पुरेल एवढ्या. स्टीलचा चार पुडांचा डबा, वर जुन्या ओढणीची गाठ. त्या गाठीकडे बघूनच मला कसंतरी झालं. मी तो डबा ओट्यावर ठेवला आणि निघाले. विसरले नाही, ठेवला.

आईला वाटलं, पोरगी घाईत विसरली.

दुपारी आम्ही हिरवळीवर बसलो होतो. केक कापून झाला होता, फोटो चालले होते. तेवढ्यात मला लांबून आई दिसली. हातात डबा, पायात घरातल्याच चपला, नजर इकडेतिकडे मला शोधत असलेली. दोन रिक्षा बदलून आली असणार. उठून तिला वाटेतच गाठावं, डबा घ्यावा आणि परत पाठवावं, एवढंच डोक्यात आलं. तिला मैत्रिणींजवळ आणून बसवावं असं मनात आलंच नाही.

मी उठायच्या आत ती एका बाकाजवळ थांबली. बाकावर एक बाई पाठमोरी बसली होती, भारी भरतकामाची साडी, पदर बाकाच्या मागे सोडलेला. पदराच्या कडेला वीतभर दोरा लोंबत असणार. दुसरं काय असणार? आईने डबा खाली ठेवला, पदराची कड चिमटीत धरली, कमरेची कातर काढली आणि दोरा कापला. तिने विचार केलाच नसेल. लोंबता दोरा दिसला की तिचा हात आपोआप जायचा. माझ्या शाळेच्या ड्रेसवर, शेजारणीच्या पोलक्यावर, देवळात पुढे बसलेल्या बाईच्या साडीवरसुद्धा.

बाईने वळून बघितलं तर मागे एक अनोळखी बाई आणि तिच्या हातात कातर. ती किंचाळली. पर्स कापत होती, गळ्यातलं कापत होती, जो तो आपापलं सांगू लागला. माणसं जमली, वॉचमन आला. माझ्या मैत्रिणी बघायला धावल्या आणि मीही त्यांच्यामागे गेले. गर्दीच्या तिसऱ्या रांगेत उभी राहिले.

आई चिमटीतला दोरा सगळ्यांना दाखवत होती. एवढा बारीक दोरा कुणाला दिसणार? वॉचमनने तिच्या हातातून कातर घेतली आणि कुणाबरोबर आलीस, असं दरडावून विचारलं. आईने मान वर केली. तिची नजर गर्दीवरून फिरली. माझ्यावरूनही फिरली आणि पुढे गेली.

"कोई नहीं साब," ती म्हणाली. "अकेली आई हूँ."

मग एवढं जेवण कुणाचं, असं त्याने डब्याकडे बोट दाखवून विचारलं. माझंच आहे, असं ती म्हणाली. कुणीतरी हसलं.

एक पाऊल पुढे टाकून 'ही माझी आई आहे, साड्यांचे दोरे कापते' एवढं म्हणायचं होतं. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. जीभ चांगली शाबूत होती, कारण त्यानंतर एक मैत्रीण "गांडी लागे छे," वेडी दिसतेय, असं म्हणाली, तेव्हा मी होकाराचं "हा" म्हणाले. चटकन म्हणाले. वॉचमन आईला फाटकाकडे घेऊन गेला आणि आम्ही रेल्वेत बसायला गेलो. तीन फोटोंत मी हसते आहे.

रेल्वेत मी मनाशी हिशेब जुळवत राहिले. वर्षानुवर्षं दोरे कापून आईचे डोळे अधू झालेत, तिला लांबचं दिसत नाही, म्हणजे मी तिला दिसले नसणार. घरी पोचेपर्यंत हे मला जवळपास पटलं होतं.

आई खाली बसून साड्यांचे दोरे ब्लेडने कापत होती. अंगठ्याला चिंधी बांधलेली. तिने मैत्रिणींनी काय खाल्लं ते विचारलं, केक कसा होता ते विचारलं. बागेत आल्याचं तिने काढलं नाही, मीही काढलं नाही. मी ताट घेतलं. तिने शेवभाजी वाढली, समोर बसून राहिली, आणि मग आमच्या गावाकडच्या बोलीत हळूच म्हणाली,

"बरं झायं, तू पुढे नही उनी. पोरीसमा तुनी लाज जाती."

मी तिच्या आवाजात टोमणा शोधला. नव्हता. मी पुढे आले नाही, पोरींमध्ये माझी लाज गेली नाही, हे तिला मनापासून बरं वाटत होतं, आणि मलाही बरं वाटलं की नाही, हे ती माझ्या तोंडाकडे बघून विचारत होती.

मी हो म्हणाले, आणि जेवले.