कोंबड्यांच्या डब्यातली पावडर

काटेवाडीच्या अलीकडे, इंदापूर रस्त्यापासून थोडं आत, एका पोल्ट्रीवर आम्ही नवरा-बायको कामाला होतो. नव्वद सालानंतरची दोन-चार वर्षं. आम्ही राजापूरकडचे. मी सातवीत शाळा सोडलेली. हे अंड्यांचा टेम्पो चालवायचे आणि मी शेड बघायचे. मालकिणीला आम्ही आक्का म्हणायचो. लग्न झाल्यापासून कितीतरी वर्षं त्या मेंढरांमागं चालल्या होत्या. पुढं मेंढरं विकून त्यांच्या घरानं पोल्ट्री घातली, तरी त्या कोंबड्यांना कळपच म्हणायच्या.

दुसऱ्या वर्षी दोन गोष्टी एकदम बिघडल्या. कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायला लागल्या आणि माझी झोप गेली.

झोप गेल्यावर माणूस दिवसा कसा होतो ते सांगते. मी खाद्याचं घमेलं पाण्याच्या टाकीत उपडं केलं. चुलीवर रिकामं पातेलं ठेवून चहाची वाट बघत बसले. कुणी नुसतं नाव घेऊन हाक मारली तरी डोळ्यांत पाणी यायचं. ह्यांनी महिनाभर बघितलं आणि एक दिवस म्हणाले, "पंधरवड्यानंतरच्या शनिवारी तुला गावी नेऊन सोडतो. थोडे दिवस."

थोडे दिवस म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्या वाडीत अशा थोड्या दिवसांसाठी आलेल्या दोघीजणी होत्या. त्यांतल्या एकीचा मुलगा तिथल्याच शाळेत जायला लागला होता. मला परत जायचं नव्हतं. त्यासाठी शनिवारच्या आत बरं व्हायला हवं होतं, एवढाच हिशेब डोक्यात होता.

शनिवार ठरायच्या तीनेक आठवडे आधी जनावरांचे डॉक्टर येऊन गेले होते. ते दर मंगळवारी बारामतीहून मोटारसायकलवर यायचे. पाठ उघडी पडलेली एक कोंबडी त्यांनी उचलून बघितली आणि म्हणाले, "ह्यांना अमिनो ॲसिड कमी पडतंय."

"आन् ते कसलं? बॅटरीतलं?" आक्कांनी विचारलं.

"तसलं नव्हे, आक्का. खाद्यातच असतं ते. कमी पडलं की कोंबडी बेचैन होते, दुसरीला टोचत सुटते."

"मग आमच्या थोरल्या जावंला बी कमी पडत आसंल, ती बी सारखी टोचती. तिला बी द्या वाईच."

डॉक्टर हसले आणि पुढच्या खेपेला पांढऱ्या पावडरीचा डबा घेऊन आले. डब्यावरचं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं. झाकण उघडलं की शिळ्या कोबीसारखा वास यायचा. ती पावडर आधी ओंजळभर कोंड्यात कालवायची, तो कोंडा पाटीभर मक्यात आणि मग सगळं मोठ्या ढिगात, म्हणजे ती सगळीकडे सारखी जाते. हे काम माझ्याकडं होतं. शिवाय डॉक्टरांनी शेडमधले बल्ब लाल रंगानं रंगवायला सांगितले, म्हणजे उजेड मंद होतो आणि कोंबड्यांना एकमेकींच्या जखमा दिसत नाहीत.

आठवड्याभरात कोंबड्या निवळल्या. गप्प उभ्या राहायच्या, पाणी प्यायच्या, पिसं नीट करायच्या. त्यांच्याकडं बघून मला हेवा वाटायचा. बल्बांचं मी विसरले, पावडर तेवढी लक्षात राहिली. ह्यांनी शनिवार ठरवला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी सकाळच्या चहात अर्धा चमचा टाकायला लागले.

आठ दिवस घेतली. पहिले तीन-चार दिवस मला बरं वाटतंय असं वाटलं. खरं तर पोटात जळजळ व्हायची आणि ढेकराला तो वास यायचा. नवव्या दिवशी, सोमवारी, आक्का खाद्य बघायला आल्या आणि माझ्यासमोर थांबल्या.

"तोंड उघड बरं."

"का?"

"उघड म्हंते न्हवं!"

मेंढरू तपासावं तसं त्यांनी हनुवटीला धरून हुंगलं. "आगं, ह्यो तर डब्यातला वास! कोंबड्यांचं खातीस व्हय गं?"

मी मान हलवली. वाटलं, आता शनिवारपर्यंतही थांबायला नको. पण आक्का पेंडीच्या पोत्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मग अंडं कवा देतीस?" मलाही हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. तेव्हा त्या थांबल्या. "कशापायी गं?" मी शनिवारचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "हे जनावरांच्या खाद्याचं आहे. माणसानं असं मनानं खायचं नसतं, त्रास होतो. आजच्या आज बंद. आणि माणसांच्या डॉक्टरला दाखवा."

आक्कांचं माहेर इंदापूरजवळच्या बावड्याचं. इंदापुरातल्या एक वयस्कर डॉक्टरीणबाई त्यांच्या माहितीतल्या होत्या. गुरुवारी आम्ही दोघी रस्त्यावर एसटी धरून तिकडं गेलो. पुढं उसाच्या ट्रॉल्या असल्यामुळं गाडी रांगत होती आणि आक्का वाटेत दिसेल त्या शिवाराला इथं तळ टाकला होता, तिथं टाकला होता असं सांगत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, डोळे बघितले आणि जेवणात काय असतं ते विचारलं. मी म्हटलं, भात आणि मिरची. गावाकडून आलं तर सुकट.

"अंडी?"

"वासानं नको वाटतं."

"पोल्ट्रीवर राहून अंडं खात नाहीस आणि कोंबडीची पावडर खातेस," त्या म्हणाल्या. रागावून नाही, नुसतं नोंदवल्यासारखं. मग समजावलं, की ही अमिनो ॲसिडं बऱ्याच प्रकारची असतात आणि झोपेशी, मनाशी ज्याचा संबंध लावतात ते वेगळं. ते दुधात, अंड्यात, तिळात, शेंगदाण्यात आपसूक मिळतं. कोंबडीला वरून घालावं लागतं, कारण तिनं काय खायचं ते आपण ठरवतो. त्यांनी एक लाल औषध लिहून दिलं. चिठ्ठी हातात देताना म्हणाल्या, "ह्यानं अंगात थोडी ताकद येईल. झोपेचं काही सांगत नाही. तू जागी कशासाठी राहतेस?"

असं मला कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं. शेडमधले दिवे पहाटे चारला लावावे लागतात. उजेडाचे तास कमी पडले की कोंबड्या अंडी कमी देतात. आमच्या आधीच्या जोडप्याकडून ते दोन-तीनदा चुकलं आणि त्यांना काढलं, असं आल्या आल्याच ऐकलं होतं. गजराचं घड्याळ एकदा बंद पडलं, तेव्हापासून मी झोप येऊच देत नव्हते.

आक्का शेजारच्या बाकावर होत्या. "हे मला कधी बोलली न्हाय," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "येडे, तळावर आमी पाळीपाळीनं जागायचो. एक जागी हाय म्हटल्यावर बाकीच्या बिनघोर झोपायच्या. हितं तू एकलीच राखण करतीस व्हय? चारची बत्ती आजपासनं माझी. मला तशी बी म्हातारीला झोप न्हाय."

आभार मानायची सवय तेव्हा नव्हती आणि त्यांना ते आवडलंही नसतं.

लाल औषध गोड होतं. उकडलेलं अंडं आक्का समोर उभ्या राहून खायला लावायच्या. त्या रात्री झोप आली नाही, शुक्रवारीही नाही. पाळी वाटून घेतली तरी अंगाला कळायला वेळ लागतो.

शनिवारी दोनच्या सुमाराला निघायचं होतं. मी पिशवी भरली, जेवले आणि भिंतीला टेकून ह्यांची वाट बघत बसले. पुढचं मला ठाऊक नाही, नंतर ऐकलं तेवढंच. हे टेम्पो घेऊन आले तेव्हा आक्का दारातच बसल्या होत्या.

"गावाकडची एसटी जाईल, आक्का," हे म्हणाले.

"जाऊं दे. हिला उठीवलीस तर माझ्याशी गाठ हाय."

ह्यांनी दारातून डोकावून बघितलं. मग टेम्पोतले रिकामे ट्रे उतरवून शेडमध्ये खाद्य घालायला गेले.

मी दिवेलागणीला उठले. गालावर भिंतीचा चुना लागला होता. घाबरून पिशवी उचलली, तर हे म्हणाले, "ठेव ती. पुढच्या शनिवारी बघू."

पुढच्या शनिवारी त्यांनी विषय काढला नाही. मीही काढला नाही.